महाविद्यालयाचा अ‍ॅथलेटिक्स संघ: अठरा ते एकवीस या वयाचे आपण काय करतो?

बालाघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयातून मी क्रीडा संचालक म्हणून निवृत्त झालो. आता तालुक्याच्या मैदानावर सकाळी जी मुले-मुली येतात, त्यांच्यासोबत असतो. अलीकडे नव्याने रुजू झालेल्या क्रीडा शिक्षकांचे फोन वाढले आहेत आणि बहुतेकांच्या बोलण्यात अविनाश साबळे यांचे नाव येते. "सर, आपल्याकडून असा एक तरी मुलगा निघायला हवा," असे ते म्हणतात. त्यांची तळमळ खरी आहे. परंतु या उदाहरणातून नेमके काय घ्यायचे, याचा विचार आपल्या भागात पुरेसा झालेला नाही असे मला वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

साबळे आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीन आणि राजस्थानातील नेमणुकांनंतर २०१५ पासून ते सैन्याच्या क्रॉसकंट्री संघातून धावू लागले आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे, वळले. २०१८ साली भुवनेश्वर येथे त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन त्यांनी रौप्य मिळवले आणि तेथे सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ते सुवर्णही आले. अंगातली काटकता आपल्या डोंगरपट्ट्यातली, घडण मात्र पलटणीतली.

सैन्याने त्यांना काय दिले, हे साध्या शब्दांत मांडले तर चार गोष्टी दिसतात: दोन वेळचे पोटभर जेवण, झोपायला हक्काची जागा, रोज न चुकता मैदानावर उभा असणारा प्रशिक्षक आणि वर्षभर धावायला स्पर्धा. अठरा ते एकवीस या वयात आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलाला यांतील किती गोष्टी मिळतात? बहुतेक ठिकाणी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी सूचना फलकावर निवड चाचणीची नोटीस लागते, जो चाचणीत पहिला येतो त्याचे नाव प्रवेशिकेत जाते, तो एकदा धावून येतो आणि पुढच्या वर्षीच्या नोटिशीपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. याला संघ म्हणता येत नाही. यात त्या क्रीडा संचालकाचा दोष काढणे सोपे आहे, परंतु हाच माणूस बुद्धिबळापासून कबड्डीपर्यंत सगळ्या खेळांची पात्रतेची कागदपत्रे गोळा करतो, प्रवास भत्त्याचा हिशेब देतो, महाविद्यालयाच्या इतर समित्यांवर काम करतो, आणि त्याची कारकीर्द मोजली जाते ती वार्षिक अहवालात छापलेल्या पदकांवरून. पदक एखाद्या वर्षी एखाद्या उपजत वेगवान मुलाच्या जोरावर येऊन जाते. संघ बांधायला चार-पाच वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे अहवालात दाखवायला फारसे काही नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की पहिल्या वर्षाला मैदानावर आलेला मुलगा तिसऱ्या वर्षाला मैदानावर आहे की नाही, या एका गोष्टीवर प्रशिक्षकाचे काम तपासावे. आपापल्या जिल्ह्यांतील अनुभव लिहावेत ही विनंती.

गोदाकाठ

सर, धागा योग्य वेळी आला. मी परभणी जिल्ह्यातील. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघातून मध्यम पल्ल्याच्या शर्यती धावले आणि आता पोलीस खात्यात आहे. मुलींच्या बाजूने काही लिहिते.

आमच्या महाविद्यालयात मुलींचा संघ टिकला, त्याचे मोठे कारण म्हणजे आमच्या मॅडमनी सरावाची वेळ एसटीच्या वेळापत्रकाला बांधली. संध्याकाळी गावाकडे जाणारी शेवटची गाडी चुकली की मुलगी घरी पोहोचत नाही, आणि एकदा असे झाले की घरचे दुसऱ्या दिवसापासून मैदान बंद करतात. म्हणून आमचा मुख्य सराव सकाळी पहिल्या गाडीने येणाऱ्या मुली पोहोचल्यानंतर आणि तास सुरू होण्याआधी होत असे. उन्हाळ्यात ही वेळ फार आखूड पडते, कारण आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत साडेआठनंतर धावणे धोक्याचे असते. तरीही आखूड सराव रोज झाला, म्हणून तो उपयोगी पडला. मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात महिलांना निम्मी सवलत मिळू लागल्यापासून पदवीच्या मुलींचा येण्या-जाण्याचा भार बराच हलका झाला आहे, हे आज मी मैदानावर जाते तेव्हा स्पष्ट दिसते.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळतो. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाय जड होणाऱ्या मुलीला "जिद्द कमी पडते" असे सुनावले जाते, आणि प्रत्यक्षात तिचे हिमोग्लोबिन कमी असते. मॅडम सत्राच्या सुरुवातीला सगळ्या मुलींना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तपासणी करून घेत, लोहाच्या गोळ्या सुरू करून देत, आणि चहा गोळीसोबत घ्यायचा नाही हे घरी आईलाच समजावून सांगत. काही महिन्यांत त्याच मुलींच्या वेळा सुधारल्या आणि त्यासाठी सरावात काहीही वाढवावे लागले नाही.

आणि कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली. याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिले. परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा आमच्या भागात कितीतरी मुलींनी धावायची इच्छा बोलून दाखवली होती. त्या इच्छेला दार लागणारी खोली मिळाली असती, तर त्यांतील काही जणी आज या धाग्यावर लिहीत असत्या.

निकष

बालाघाट सर, आपला आदर राखून एक मुद्दा मांडतो. आपण "संघ" म्हणता तो आज मैदानांवर अस्तित्वातच नाही, कारण सगळी मैदाने भरतीच्या मुलांनी भरलेली आहेत. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुले याच्या पलीकडे काही करायलाच तयार नसतात. पंधराशे मीटरमध्ये विद्यापीठ संघात सहज बसेल असा मुलगा मला सांगतो की सर, मला सोळाशेची वेळ काढून द्या, बाकी काही नको. रोज तेवढेच अंतर पूर्ण ताकदीने धावायचे, डांबरी रस्त्यावर धावायचे, नडगी धरली की बाम चोळून पुन्हा धावायचे. काही ठिकाणी ताकदीच्या इंजेक्शनांपर्यंत मजल जाते, हे आपण सगळे जाणतो. भरतीची तयारी आणि अ‍ॅथलेटिक्स या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय महाविद्यालयीन खेळ उभा राहणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालाघाट

निकष, आपण सांगितलेली परिस्थिती खरी आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. ऊस तोडायला जाणाऱ्या घरातील मुलाला नोकरी सोडून पदकाचा विचार कर, असे सांगण्याचा अधिकार मला कधीच वाटला नाही. तो मुलगा पहाटे पाच वाजता स्वतःहून मैदानावर येतो. शिस्त आणि गरज या दोन्ही गोष्टी तो सोबत घेऊन येतो. त्याला परत पाठवले, तर आपल्या हाती उरतात ती फक्त प्रमाणपत्रापुरती येणारी मुले.

मी करीत असे ते असे. सोळाशे मीटरची वेळ सुधारायची असेल तर रोज सोळाशे मीटर पळून ती सुधारत नाही, हे त्या मुलाला त्याच्याच घड्याळावर दाखवून द्यावे लागते. आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश, बोलता येईल इतक्या वेगाने लांब धावायचे. एक दिवस चारशेच्या फेऱ्या मधल्या विश्रांतीसह. एक दिवस चढावर छोटे जोरकस धावणे. आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. सुरुवातीला मुले कुरकुर करतात, कारण सावकाश धावणे त्यांना वेळ वाया घालवणे वाटते. दोन-अडीच महिन्यांनी चाचणी घेतली की वेळ खाली आलेली असते, नडगी दुखत नसते, आणि त्याच दिवशी त्याला सांगायचे की याच तयारीवर तू महाविद्यालयाकडून पंधराशे आणि पाच हजार मीटर धावू शकतोस. फार थोडी मुले या टप्प्यावर नाही म्हणतात. भरती झालेला मुलगा सुट्टीवर आला की मैदानावर येऊन धाकट्यांना वेग लावून देतो, ही त्याची दुसरी कमाई. शिवाय शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पात्र स्पर्धेतील प्रमाणपत्राने काय होऊ शकते, हे पालकांना एकदा नीट समजावले की घरचा विरोध बराच मावळतो.

इंजेक्शनांबाबत मात्र कोणतीही सवलत नको. ज्या मैदानावर सुई सापडेल तेथे त्या दिवशी सराव बंद करून सगळ्यांसमोर बोलायला हवे, मुलांच्या घरीही जायला हवे.

आपल्याकडचा याहून मोठा अडथळा ऊसतोडीच्या कॅलेंडरचा आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संपतात, विद्यापीठाचे सराव शिबिर आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा त्यानंतर येतात. आणि नेमके दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या पट्ट्यातील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. ज्या मुलाने वर्षभर घाम गाळला, तो शिबिराच्या वेळी सांगली-कोल्हापूरकडे फडात असतो, किंवा गावी राहून धाकटी भावंडे आणि जनावरे सांभाळत असतो. वसतिगृहात त्या चार-पाच महिन्यांसाठी खेळाडूंच्या जेवणाची सोय करून घेणे, हे मी माझ्या नोकरीतले सर्वांत महत्त्वाचे काम मानतो. भाकरी, मोड आलेली मटकी, भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि परवडेल तेव्हा अंडी, एवढ्यावर मुले उत्तम धावतात. त्यासाठी संस्थेकडे, गावातील व्यापाऱ्यांकडे, जुन्या विद्यार्थ्यांकडे हात पसरावा लागतो, तो पसरायचा.

वाचनवेडा_लातूर

मी स्वतः प्रशिक्षक नाही, परंतु या विषयावर वाचन केले आहे. बालाघाट सरांच्या मुद्द्याला जोडणारी दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात.

अमेरिकेतील टेनेसी स्टेट हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले विद्यापीठ. तेथे एड टेंपल यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९४ पर्यंत महिलांचा संघ घडवला. वर्णभेदाचा काळ, हाती तुटपुंजा पैसा, आणि मुलींच्या खेळाला प्रतिष्ठा नाही. अशा ठिकाणाहून ४० ऑलिंपिकपटू घडले, त्यांनी २३ पदके मिळवली, आणि त्यांतील जवळजवळ सगळ्या जणींनी पदवीही पूर्ण केली. विल्मा रुडॉल्फ यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली हे सर्वांना ठाऊक असते; परंतु त्या वेळी सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेच्या ४×१०० मीटर रिले संघातील चौघीही टेनेसी स्टेटच्याच होत्या, ही बाब मला अधिक बोलकी वाटते. एकटी धावपटू कोठेही निपजू शकते, चौघी एका मैदानावरून येतात तेव्हा त्यामागे रोजचे काम असते. आणि विल्मा टेंपल यांच्या नजरेस पडल्या त्या शाळेत असताना. उन्हाळी शिबिरात शाळेच्या मुलींना बोलावण्याची त्यांची पद्धत होती.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ अ‍ॅथलेटिक्समध्ये कर्नाटकातील मंगळूर विद्यापीठाने वर्षानुवर्षे दबदबा ठेवला. त्यात मूडबिद्री येथील आळ्वाज संस्थेच्या खेळाडूंचा वाटा फार मोठा आहे. ही संस्था खेळाडूंचे शिक्षण, निवास आणि भोजन स्वतः उचलते. मूडबिद्री हे काही महानगर नाही. सरांनी पहिल्या प्रतिसादात मोजलेल्या चारही गोष्टी तेथे एका आवारात मिळतात.

तासिका_हिंगोली

सर्वांना नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर क्रीडा विभाग पाहतो. बी.पी.एड., एम.पी.एड. झाले असून पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला आहे. मानधन वेळेवर मिळत नाही आणि पुढच्या सत्रात मी येथे असेन की नाही हे सांगता येत नाही. अशा स्थितीत चार-पाच वर्षांचे नियोजन मी कसे करावे? मैदानाचीही अडचण आहे. काळी माती असल्याने पावसाळ्यात बुटाला चिखलाचे लपके चिकटतात, आणि मार्चनंतर पाय मुरगळेल अशा भेगा पडतात. प्राचार्य मैदानासाठी थोडा निधी द्यायला तयार आहेत. सिंथेटिक ट्रॅकचा प्रस्ताव द्यावा का?

बालाघाट

तासिका, आपली अडचण आज मराठवाड्यातील बहुतेक तरुण क्रीडा शिक्षकांची आहे आणि ती शासनाने पदे भरल्याशिवाय सुटणार नाही. याबद्दल संघटनेच्या माध्यमातून भांडत राहायला हवेच. परंतु आपण राहाल की जाल हे अनिश्चित असल्यामुळेच काम आपल्या एकट्याच्या डोक्यात राहू नये. प्रत्येक खेळाडूची एक वही ठेवा आणि ती त्यालाच लिहू द्या: आज किती धावलो, कशा जमिनीवर, किती वेळात, रात्री किती झोप झाली, कोठे दुखले. मुलींनी पाळीची नोंदही ठेवावी, कारण थकवा आणि दुखापत समजून घ्यायला ती लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना आणि दोन मुलींना वॉर्म-अप घेणे, घड्याळ लावणे, मैदान आखणे शिकवा. उद्या आपण गेलात तरी नव्या माणसाला या वह्या आणि ही चार मुले मिळतील. मी पाहिलेले बहुतेक चांगले संघ सरांच्या बदलीनंतर किंवा निवृत्तीनंतर दोन वर्षांत विरले, कारण सरांना जे ठाऊक होते ते कोठेही लिहिलेले नव्हते.

आता मैदान. सिंथेटिक ट्रॅकच्या प्रस्तावामागे लागू नका. तो खर्च कोटींत जातो, देखभाल पेलवत नाही, आणि मंजुरीची वाट पाहण्यात आपल्या मुलांची पदवी संपेल. छत्रपती संभाजीनगर येथे भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र आहे. सिंथेटिकची सवय व्हावी म्हणून स्पर्धेआधी मुलांना अशा ठिकाणी काही दिवस नेता येते. आपल्या आवारात मुरमाचा ट्रॅक करा. आठ लेनच्या चारशे मीटर ट्रॅकला साधारण १७७ बाय ९३ मीटर जागा लागते. तेवढी नसेल तर दोनशे मीटरचा करा, त्यावरही उत्तम काम होते. धावपट्टीपुरती वरची काळी माती काढून टाकायची, खाली जाड मुरूम, वर बारीक चाळलेला मुरूम, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर, आणि पाणी आतल्या बाजूला निघून जाईल असा हलका उतार.

आखणीतील एक बारीक गोष्ट सांगतो, कारण येथे बहुतेक ठिकाणी चूक होते. प्रमाणित ट्रॅकची वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर आणि सरळ भाग ८४.३९ मीटर असतो, परंतु त्या हिशेबात पहिल्या लेनला आतून उंच कठडा गृहीत धरलेला आहे आणि लांबी त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवर मोजलेली असते. आपल्या मुरमाच्या ट्रॅकला कठडा नसतो, नुसती फक्कीची रेघ असते, आणि तेव्हा मोजणी रेघेपासून २० सेंटिमीटरवर होते. म्हणजे ३६.५० चीच त्रिज्या घेतली तर फेरी ४०० ऐवजी सुमारे ३९९.३७ मीटरची होते आणि पाच हजार मीटरला धावपटू जवळपास आठ मीटर कमी धावतो. मुलाला वाटते वेळ सुधारली, आणि विद्यापीठाच्या स्पर्धेत तो खचतो. कठडा नसेल तर त्रिज्या ३६.६० मीटर घ्या, फेरी बरोबर ४०० मीटर भरेल. मध्यबिंदूला लोखंडी खुंटी पक्की ठोकून ठेवा आणि आखणीला पोलादी टेप वापरा. सुतळी आणि कापडी टेप ताणतात.

स्टीपलचेससाठी पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर आणि महिलांचा ७६.२ सेंटिमीटर उंच असतो. गावचा सुतार जुन्या सागवानी वाशाचा अडथळा करून देतो. तो जड असायला हवा, पाय लागला तर अडथळा हलता कामा नये. पाण्याच्या उडीचा खड्डा आपल्याला परवडणार नाही. अडथळ्यापुढे वाळूचा खड्डा करून, अडथळ्यावर पाय टेकवून वाळूत उडी मारण्याचा सराव होतो.

निकष

भरतीच्या मुलांबाबत आपले म्हणणे मी पुन्हा वाचले. वेगळे काढण्याचा माझा आग्रह अजून पूर्ण सुटलेला नाही, कारण भरतीची जाहिरात निघाली की ही मुले सगळे नियोजन सोडून रोज पूर्ण ताकदीने धावू लागतात आणि ऐन स्पर्धेच्या महिन्यात जायबंदी होतात. परंतु नोंदवहीची कल्पना त्यांच्यावरच आधी लागू करून पाहतो. आपली प्रगती लिहिलेली दिसली तर कदाचित ती धीर धरतील.

गोदाकाठ

तासिका सर, वाचनवेडा यांनी शाळेच्या मुलींच्या शिबिराचा उल्लेख केला, त्यावरून सुचवते. आपल्या महाविद्यालयाभोवतीच्या जिल्हा परिषद शाळांतील आठवी-नववीच्या मुलींना दिवाळीच्या सुट्टीत मैदानावर बोलवा. महाविद्यालयातल्या मुलीच त्यांना शिकवतील. ज्या घरातील थोरली बहीण मैदानावर असते, त्या घरातून धाकटीला विरोध होत नाही. मी हिंगोलीला सुट्टीच्या दिवशी येऊ शकते. आधी कळवले तर आमच्या खात्यातील दोन जुन्या धावपटू मैत्रिणीही येतील.

तासिका_हिंगोली

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपण याच, मी प्राचार्यांची परवानगी घेऊन येथेच तारीख कळवतो. आमच्या आवारात चारशे मीटर बसत नाही, त्यामुळे दोनशे मीटरचा मुरमाचा ट्रॅक, दोन अडथळे, पोलादी टेप आणि मुलींसाठी कडीची खोली असा अर्ज या आठवड्यात देतो. बालाघाट सर, मुरूम कोणत्या महिन्यात टाकावा?

बालाघाट

पावसाळा संपून जमीन वाफशावर आली की काळी माती काढायला सोपी जाते, म्हणून ऑक्टोबरअखेर काम सुरू करा. मुरूम वैध परवान्याच्या खाणीतूनच घ्या आणि पावती अर्जासोबत जोडा, नाहीतर लेखापरीक्षणात काम अडकते. अर्जात रोलर आणि पाण्याच्या टँकरचा खर्च वेगळा लिहा. तो मुरमाच्या रकमेत धरला की ऐन वेळी मुरूम पडून राहतो आणि पाणी मिळत नाही. त्रिज्येचा हिशेब दोनशे मीटरसाठी वेगळा येईल. आवाराची लांबी-रुंदी मोजून येथे टाका, मी आकृती काढून पाठवतो.